चव्वेचाळीस सेकंद

१२ मार्च

वस्तुस्थिती, क्रमाने. १४ फेब्रुवारीला रेडिओच्या ठोक्यावर मनगटी घड्याळ बिनचूक लावले. त्यानंतर त्याला हात लावायचा नाही, हा नियम. ते रोज दोन सेकंद मागे पडते. ती चूक वेळेच्या वहीत मांडायची आणि सूर्याचा वेध घेताना मिळवायची. ३ मार्चला रेडिओ मुका झाला. ७ आणि ८ ला मी तापाने फणफणलो होतो. घड्याळ टेबलावर होते. आज सकाळी बावन्न सेकंद मिळवून नौकेचे स्थान काढले आणि दादाला सांगितले, खडक बारा मैल लांब आहेत.

दहाच मिनिटांत वहिनींना समोर पांढरा फेस दिसला. दादाने सुकाणू फिरवले, तरी तळ खरवडला गेलाच.

दादा म्हणाला, "तुझं गणित आपल्याला बुडवणार होतं. उद्यापासून वेळ ही ठेवेल."

ही – म्हणजे वहिनी! आणि बावीस वर्षे वेध घेणारा मी शिडाच्या दोऱ्या ओढणार!

१३ मार्च

गणित तीनदा तपासले. निर्दोष. खडकांवरून पाहता चूक अकरा मैलांची. या पाण्यात चार सेकंदांना एक मैल – म्हणजे चव्वेचाळीस सेकंद. ८ मार्चला घड्याळ नेमके तेवढेच मागे होते! अर्थ उघड आहे: त्या दिवशी कोणीतरी ते 'बरोबर' लावले, आणि मी भरून निघालेली चूक पुन्हा मिळवत राहिलो.

वहिनी शिडाला टाके घालत होत्या. विचारले, तर सरळ कबुली – हो, मीच लावले, तुम्हाला सांगितलेही होते. मी बजावले की वेळेच्या बाबतीत तोंडी सांगणे मी धरत नाही. मला लेखी लागते. मान वर न करता म्हणाल्या, "वही उघडा, भावोजी."

माझी वही मला उघडायला सांगतात! तापाच्या दोन दिवसांची पाने कोरी, म्हणून मी स्वतः चाप लावून मिटलेली आहेत.

१४ मार्च

चाप काढला. ८ मार्चच्या पानावर वहिनींचे अक्षर:

"रेडिओ पाच मिनिटं बोलला, परत बंद. तुमचं घड्याळ ४४ सेकंद मागे होतं, बरोबर लावलंय. आजपासून चूक शून्य धरा. सांगितलं तेव्हा तापात नुसतं 'हं' म्हणालात. त्या 'हं'वर माझा भरवसा नाही. वाचलंत की इथेच खाली लिहून द्या."