म्हाताऱ्याचा पाइप

३ जून
म्हाताऱ्याचं नवं खूळ! कॅन्सरने आवाज गेला, गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो, तरी तोरा तसाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आज पाटीवर लिहिलं— ‘माझा पाइप तू ओढ. रोज सातला, तासभर. मला निदान वास तरी मिळू दे.’

लहानपणी याच पाइपला हात लावला म्हणून कानाखाली खाल्ली होती. आता चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून यायचं आणि वर हे!

वृद्धाश्रमात त्याला जागा पंधरा तारखेला मिळतेय. बारा दिवस. काढीन कसेतरी.

४ जून
तो खुर्चीत, मी उघड्या खिडकीत. पहिल्याच झुरक्याला ठसका, मग ओकारी. पाटीवर— ‘छातीत नाही, तोंडात घ्यायचा.’ आधी सांगायला काय झालं होतं?

६ जून
तंबाखू खाली सैल, वर जरा घट्ट. तीनदा विझला. ‘चहासारखा भसाभसा ओढू नकोस.’ जीभ पोळली. भाजीत मीठ दोनदा पडलं. तेही मुकाट्याने खाल्लं त्याने.

९ जून
आज त्याने पाटीवर एक अक्षर लिहिलं नाही. बरं वाटलं.

११ जून
अर्धा तास न विझता ओढला. पाटीवर— ‘जमलं.’ चाळीस वर्षांत पहिल्यांदा! आणि मला आनंद झाला, याचाच संताप आला.

त्या भरात विचारलं, आई आजारी होती तेव्हा मला का कळवलं नाही? त्याने पाटी पुसली. मग लिहिलं— ‘विझतोय बघ.’

पाइप त्याच्या अंगावर फेकणार होते.

१२ जून
आश्रमाच्या फॉर्मवर सही केली. त्याला सांगितलंही. मान हलवली. सातला मात्र खुर्चीत हजर.

१४ जून
नर्स गळ्याची नळी बदलायला आली. जाताना तिच्यापाशी सगळं ओकले— वासासाठी मला कसा राबवतो ते.

ती बघतच राहिली. म्हणाली, “वास? अहो ताई, त्यांचा श्वास नाकातून जातच नाही. वास कुठून येणार? ऑपरेशन झालं तेव्हाच सांगितलं होतं त्यांना.”

१५ जून
आश्रमाची गाडी परत पाठवली. सातला बाबांसमोर जाऊन बसले. पाइप भरला नाही. त्यांनीही मागितला नाही.