बाईंचे दात

प्रिय खोडरबर,

मुख्याध्यापकांना अशी हाक मारू नये हे मलाही कळतं. म्हणून तर पाकिटावर तुझं नाव पूर्ण हुद्द्यासकट घातलंय. आत मात्र मी मला हवं ते म्हणणार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुझे भावोजी गुडघा धरून कुरकुरतात, पण गच्चीतून खाली कुणी ओळखीचं दिसलं की दोन-दोन पायऱ्या उतरत जातात, तेव्हा काळजीचं कारण नाही. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू 'हो ताई, हो ताई' करत समोरच्या कागदांवर सह्या करत असतोस. मला पानं उलटल्याचं ऐकू येतं. पत्र वाचताना निदान दोन्ही हात त्यात अडकतील.

मागच्या मंगळवारी तू मला विचारलंस, आणि मी उत्तर दिलं. आपण दोघं जिथे शिकलो ती चित्रकलेची खोली सराव परीक्षांसाठी घ्यायची, तो तास गणिताला द्यायचा, कार्यकारिणीतल्या सगळ्यांना हे पटलंय, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बैठक आहे आणि आता फक्त तुझी सही राहिलीय, असं तू म्हणालास. मी तेव्हा प्लास्टर कालवत होते. एकदा पाणी घातलं की ते कुणासाठी थांबत नाही. फोन खांद्यात धरून मी म्हणाले, बंद करून टाक, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय. उचलली जीभ लावली टाळ्याला. तू हसलास आणि म्हणालास, तूच असं म्हणतेस म्हटल्यावर प्रश्न मिटला. फोन ठेवला, साचा ओतला, आणि मग दिवसभर मला काही सुचेना. कारण माझं पोट कशावर भरतंय हे मला चांगलं माहीत आहे.

तुला माझं काम म्हणजे कवळ्या करणं एवढंच ठाऊक. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून आधी मेणात दात बसवतो, ते तोंडात लावून बघतात, आणि पसंत पडलं की मग पक्की कवळी करतो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात, आमच्या धंद्यात दोन्ही एकाच जोडीत बसवावे लागतात. माझी भागीदार माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. परीक्षेत पहिली आलेली, रसायनांची नावं तोंडपाठ, हिशेब तिच्याकडेच. पण दाताचा रंग लावायची वेळ आली की बोलावणं मला येतं. ती रंगपट्टीवरचा नंबर बघते आणि अख्खा दात त्या नंबराचा करून टाकते. दात कधी एका रंगाचा नसतो. हिरडीशी पिवळसर, मधे जरा दाट, टोकाला जवळजवळ पाण्यासारखा. हे मला कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलेलं नाही. चित्रकलेच्या बाईंनी एक पांढरा कप टेबलावर ठेवून आठवडाभर तोच काढायला लावला होता, आठवतं? पांढरा रंग मात्र कुणालाच दिला नव्हता. आपण सगळे त्या कपाला वैतागलो होतो. पाचव्या दिवशी मला त्यात निळा दिसला, मग पिवळा दिसला, आणि मग दिसायचा थांबेना. त्या कपावर मी तीस वर्षं घर चालवलंय.

आणि तो पत्र्याचा डबा आठवतो का? आठवत असणारच, सगळ्यात जास्त राग तुलाच होता त्याचा. चित्रकलेच्या खोलीत शिरताना प्रत्येकाने आपलं खोडरबर दारातल्या डब्यात टाकायचं आणि जाताना परत घ्यायचं. चुकलेली रेघ खोडायची नाही, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढायची, असा बाईंचा नियम. तू तिसरीत असल्यापासून कागदाला भोक पडेस्तोवर खोडायचास. आई म्हणायची, ह्याला वह्या नकोत, पाट्या द्या. तुझं नाव मीच ठेवलं आणि अख्ख्या शाळेने उचललं. तू एक खोडरबर डब्यात टाकायचास आणि दुसरं मोज्यात लपवून आत न्यायचास. बाईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं बरं का. परवाच म्हणाल्या.

हो, परवा. बाई इथेच असतात आता, भाचीकडे, माझ्या कामाच्या जागेपासून चार गल्ल्या पलीकडे. मला पत्ता नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून एक माप आलं, सोबतच्या चिठ्ठीवर नाव वाचलं आणि मी खुर्चीत बसूनच राहिले. वरचे सगळे दात गेलेत बाईंचे. मी ठरवलं की ह्या कवळीला आपला जीव ओतायचा. आणि ओतला. एकसारखे, सरळ, ओळीत बसवलेले दात, रंग तर असा की भागीदारही बघत राहिली. बुधवारी, म्हणजे तुझ्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी, मी स्वतः डॉक्टरांकडे गेले. एरवी आम्ही तोंडाची माणसं बघत नाही, नुसती तोंडं बघतो. बाईंनी मला ओळखलं. आधी कपाळावरून ओळखलं म्हणे. मग मेणातले दात लावले, आरसा घेतला, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. छान झालेत म्हणाल्या. आणि मग शाळेत विचारायच्या तशाच सहज आवाजात विचारलं, हे कुणाचे आहेत गं?

मी कपाळाला हात लावला. तीस वर्षांत मी हजार माणसांना सांगितलंय की बघा, मग करा. आणि बाईंच्या बाबतीत मी बघितलंच नाही, चांगल्या दातांची माझ्या डोक्यातली कल्पना होती ती बसवून मोकळी झाले. बाईंनी तिसरीतल्या पोरांना नेमकं हेच करू नका म्हणून घसा कोरडा केला होता. मी जुना फोटो मागितला. तर एकही फोटो नाही ज्यात दात दिसतात. सगळ्या फोटोंत ओठ घट्ट मिटलेले. बाईंना आपल्या दातांची लाज वाटायची, ही मला त्या दिवशी कळलेली गोष्ट. मोठ्या माणसांसमोर तोंडावर हात धरूनच हसायच्या. मोकळ्या हसायच्या त्या फक्त आपल्यासमोर, वर्गात. मग म्हणाल्या, फोटो नाही, पण एक गोष्ट आहे माझ्याकडे, शनिवारी येते घेऊन.

आता तू जरा नीट बसून वाच. तू चौथीत असताना बाई स्वतः स्टुलावर बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, आज मला काढा. चौथी आणि पाचवी तेव्हा एकत्र बसायची, म्हणून मी तुझ्या मागच्याच बाकावर होते. त्या दिवशी बाईंनी तुझ्या मोज्यातलंही खोडरबर काढून घेतलं. तू रडकुंडीला आलास, आणि मग खोडता येत नाही म्हणून तू आधी नुसता बघत राहिलास, अर्धा तास. आणि मग काढलंस. हसणाऱ्या बाई, शेजारच्या दातावर चढलेला सुळा, किंचित वळलेला पुढचा दात, मधली फट. वर्ग हसला. बाईंनी तो कागद घेतला, कितीतरी वेळ बघितला, घडी करून पिशवीत घातला आणि बसा एवढंच म्हणाल्या. तुला रात्री ताप भरला. त्यानंतर तू पट्टीने डोंगर काढलेस आणि पट्टीनेच सूर्य, पण माणूस पुन्हा कधी काढला नाहीस. बाई रस्त्यात दिसल्या की तू बाजू बदलायचास, अगदी कॉलेजात गेल्यावरसुद्धा.

शनिवारी बाईंनी पिशवीतून तोच कागद काढला. बेचाळीस वर्षं जपलेला, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. माझ्या टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, हे माझे दात. त्यांनी मला सांगितलं की नोकरीभर शेकडो मुलांनी त्यांना काढलं, कुणी तोंडाऐवजी नुसती रेघ काढली, कुणी कंगवा काढला. एकाच मुलाने बघून काढलं. आणि त्या दिवशी आपण त्याला शाबास म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही, कारण आपल्यालाच आपली लाज वाटली. आपण शिक्षक म्हणून केलेली ती सगळ्यात मोठी चूक, असं त्या म्हणाल्या. रडल्या वगैरे नाहीत. चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतात ना वहीत, तसं दाखवलं.

मग आम्ही कामाला लागलो. तुझा कागद एका बाजूला, बाई समोर, मधे मी मेण आणि दिवा घेऊन. तू नऊ वर्षांचा होतास, कान तू भलतीकडेच काढलेत, मान तर नाहीच आहे, पण दात मात्र, खोडरबर, मी मोजले. एकमेकांच्या मापाने ते तंतोतंत बसले. जिथे शंका आली तिथे बाई डोळे मिटून जीभ फिरवायच्या आणि म्हणायच्या, अजून जरा आत, जीभ विसरत नाही. डॉक्टर त्यांच्या दुसऱ्या कामासाठी आमच्याकडे आले होते, ते मधे डोकावून म्हणाले, मी आयुष्यभर लोकांचे वाकडे दात सरळ करतोय आणि तुम्ही सरळ दात वाकडे करताय. दुपारपर्यंत झालं. बाईंनी आरसा घेतला आणि ह्या खेपेला काही विचारलं नाही. हसल्या. भाची दारात उभी होती, ती म्हणाली, आली की मावशी परत. उद्या ते पक्के करायला घेणार आहे. तोवर मेणात आहेत, काहीही हलवता येतं.

मी बाईंना तुझ्या बैठकीबद्दल सांगितलं. वाटलं, तुला दोन शब्द लिहून देतील. तर म्हणाल्या, तो मुख्याध्यापक आहे, त्याला दिसतंय तसं तो करेल, तू त्याला भरीस घालू नकोस. तेव्हा हे पत्र त्यांच्या सांगण्यावरून नाही, त्यांच्या सांगण्याविरुद्ध आहे. कागद त्यांनी दिला नाही, दात आहेत ते माझे म्हणाल्या, पण रंगीत प्रत काढू दिली, ती सोबत ठेवलीय. गणिताबद्दल माझी तक्रार नाही, मी काय, रोज मापंच घेते. गणिताला वेळ हवा तर दुसरीकडून काढ, तुझ्या शाळेत सोमवारी सकाळची भाषणं किती लांबतात ते मला ठाऊक आहे. खोली मात्र देऊ नकोस. आणि तो डबा कपाटावर असेल तर शिपायाला खाली काढायला सांग.

एक गोष्ट राहिली, आणि खरं तर तेवढ्याचसाठी मी सकाळपासून कागद घेऊन बसलेय. तुला वाटतं त्या दिवशी वर्ग आपोआप हसला. तसं नव्हतं. तुझ्या खांद्यावरून तो कागद मी ओढला, वर धरला आणि बाईंचे दात बघा असं मीच ओरडले. तू खाली मान घालून बसला होतास, आवाज कुणाचा ते तुला कळलं नाही, आणि मी तुला कधी सांगितलं नाही. तुझा ताप उतरेपर्यंत मी उशाशी बसून होते ती बहीण म्हणून कमी आणि चोर म्हणून जास्त. त्या एका ओरडण्याने तुझा चित्रकलेचा तास बंद झाला, आणि मागच्या मंगळवारी प्लास्टर कालवता कालवता मी तुझ्या शाळेतल्या सगळ्या पोरांचा बंद करायला निघाले होते. मला माफ कर. दोन्ही रेघा चुकलेल्या आहेत, खोडता तर येत नाहीत, म्हणून शेजारी ही तिसरी काढतेय. शुक्रवारी सही करायच्या आधी तुझं चित्र एकदा समोर ठेव आणि अर्धा तास बघ, तेव्हा बघितलं होतंस तसं. बाई आता हसताना तोंडावर हात धरत नाहीत.

तुझीच, तेव्हा मागच्या बाकावर बसलेली,
ताई