शाई लागलेलं बोट

पुणे, एप्रिल २००४

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला सलाम. मी मजेत आहे, मेसचं जेवणही बरं आहे. आईचा गुडघा कसा आहे? तसल्या गुडघ्यानं शाळेच्या पायऱ्या चढून ती मत देऊन आली, हे कळलं.

आता माझ्या ऑफिसातलं ऐका. ख्रिस्ती लोकांच्या राजकारणाचा अभ्यास करणारी संस्था म्हणून तुम्ही जिचं कौतुक सांगत फिरता, तिनं ‘प्रत्येक ख्रिस्ती माणसानं मतदान केलंच पाहिजे’ अशी पत्रकं चर्चमध्ये वाटली. आणि मतदानाची सुट्टी मिळाली म्हणून सगळे विद्वान पाचगणीला गेले. कशाला? लोकशाहीवर चिंतन करायला!

मी येणार नाही म्हटलं, तर संचालक मकासरे सर हसले. “करुणा, एका मतानं काय होतं?”

मी उन्हात रांगेत उभी राहून मत दिलं.

आज सगळे परतले. संस्थेच्या मतदानावरच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर शाई लावलेलं बोट हवं होतं. सर कॅमेरा घेऊन टेबलाटेबलाशी फिरले आणि शेवटी माझ्यापाशी आले.

मी हात ओढणीखाली घेतला. म्हटलं, “सर, एका बोटानं काय होतं?”

नोकरीचं आईला एवढ्यात काही बोलू नका.

तुमची,
करुणा