पगार माझा होता, तुझा नव्हता

प्रिय विनय,

काल आपल्या उपनगरातल्या, पापाटोएटोच्या हॉलमध्ये आपली सई तुझ्याबद्दल बोलली. तू जाऊन दोन वर्षं झाली, आणि मला कधीच कळायला हवं होतं ते मी काल लेकीच्या तोंडून, परक्या लोकांत बसून ऐकलं. म्हणून लिहितेय.

नोकरी असो वा नसो, सरकारने प्रत्येकाला दर आठवड्याला ठरावीक पैसे द्यावेत का, यावर सभा होती.

तू पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, पण इथे परदेशात ईस्ट टामाकीच्या गोदामात अकरा वर्षं शिफ्ट सुपरवायझरच राहिलास. रोबो आले तेव्हा त्यांचे रस्ते आखून द्यायला तुलाच उभं केलं. घरी येऊन कौतुकाने सांगायचास, "माधवी, काय सुंदर वळतात गं!" आणि मग तुझीच नोकरी गेली. तुला खरंच दिसत नव्हतं का रे?

सरकारी बेकारभत्ता मागायला गेलास तर उत्तर मिळालं, बायको कमावते, तुम्हाला मिळणार नाही. मी म्हटलं, "बरोबरच आहे की! माझा पगार पुरतो आपल्याला."

पुरत होताच. पण पेट्रोल भरण्याआधी तू मला विचारायला लागलास. केस कापायलासुद्धा! मी "घे ना" म्हणायचे, आणि स्वतःला मोठ्या मनाची समजायचे.

मग गॅरेजमध्ये तू म्हाताऱ्या माणसांच्या व्हीलचेअर दुरुस्त करायला लागलास. शेजारच्या, टोंगा बेटांवरून आलेल्या आजींनी त्यांचं अख्खं चर्च तुझ्याकडे पाठवलं. कित्येक महिन्यांनी तू शीळ घालत होतास. आणि मी काय म्हणाले? "फुकटची कामं किती दिवस करणार? नोकरी बघ जरा."

तू वाद का नाही घातलास? पुढच्याच आठवड्यात कोल्ड स्टोअरमध्ये खोकी उचलायला गेलास. चौथ्या महिन्यात तिथेच कोसळलास. हृदय आधीपासून कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी फार्मासिस्ट आहे, मला ते कळतं. कळून उपयोग होत नाही.

काल सई इंग्रजीत म्हणाली, "डॅडकडे काम होतं. फक्त स्वतःचे पैसे नव्हते."

मागून एकाने विचारलं, "पण असे पैसे मिळाले तर लोक आळशी होतील ना?"

"सगळ्यांचं माहीत नाही," ती म्हणाली, "डॅड झाले नसते."

गाडीत मी तिला विचारलं, "हे बाबा तुला बोलले होते?"

"नो, आई. ते तुझ्याकडे पैसे मागायचे तेव्हा मी तिथेच असायचे."

ते पैसे मिळाले असते तर तू वाचला असतास? माहीत नाही. माणसाचा मान पैशाने परत येतो का, तेही माहीत नाही. पण मला तुला ते फुकटच्या कामांचं वाक्य बोलायला तोंड राहिलं नसतं.

आता आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीतही गोळ्या भरणारं मशीन येतंय. माझ्या हाताखालच्या मालियाचं काम जाणार. शुक्रवारी सगळे तिला समजावत होते, "तुझा नवरा कमावतो ना, मग काळजी कसली?" ती हसली. मी गप्प बसले, विनय!

सोमवारी मीटिंग आहे. मशीन माझ्याने थांबणार नाही. पण मालियाला दुसरं काम द्या, हे मी सगळ्यांसमोर मागेन, आणि नवऱ्याच्या पगाराचं कारण कुणी काढलं तर तुझी गोष्ट सांगेन. माझ्या त्या वाक्यासकट.

तुझी,
माधवी