माघातली जाई

मुलुंड, ऑगस्ट १९८६

धाकूभावोजी,

नमस्कार. तब्येतीची चौकशी मागाहून करते, आधी जाईचं सांगते.

माघात तुम्ही ह्यांच्या वर्षश्राद्धाला आलात. जेवणं झाल्यावर दारातली जाईची वेल बघून म्हणालात, "प्रेमा, आता या घरात फुलं कोण माळणार?" आणि मी भांडी घासत असताना कोयता घेऊन वेल खाली बुडापाशी छाटलीत. चाळीतल्या बायका बघत होत्या. मी गप्प राहिले. तुम्हाला वाटलं, मला पटलं.

भावोजी, तुम्ही गावाला भात लावणारे, जाईचं तुम्हाला कुठून ठाऊक? हे दर माघात तिला अशीच छाटायचे, वीतभर खुंट ठेवून. "जाईवर दया केली तर नुसती पानं येतात गं," म्हणायचे. यंदा हे नव्हते आणि माझा हात धजावत नव्हता. ह्यांचं काम तुम्ही केलंत.

शेणखत मी घातलं. आता वेल पार कौलांवर चढलीय, संध्याकाळी अख्ख्या चाळीला वास येतो. इतके दिवस फुलं शेजारणींना वाटत होते. काल पहिल्यांदा स्वतःसाठी गजरा ओवला. अनुपमा म्हणाली, "आई, काका काय म्हणतील?" म्हटलं, "बघू ना."

हे पत्र टाकणार नाही. आधी कळलं तर तुम्ही अनुपमाच्या साखरपुड्याला यायचंच टाळाल. या तुम्ही. दार मीच उघडेन आणि रीतीप्रमाणे वाकून नमस्कार करीन, म्हणजे अंबाड्यातला गजरा तुम्हाला नीट दिसेल.

तुमच्या धाकट्या भावाची बायको,
प्रेमा