रविवारी पाहिलेलं घर

आई,

तुला नमस्कार, आणि बाबांच्या दुखऱ्या गुडघ्यालाही.

नवं घर छान आहे. त्या गुडघ्याला जिना नको म्हणून तळमजल्याचंच घेतलं. ओटा अगदी तुझ्या उंचीचा आहे.

तुझ्या जावयांनी चार वस्त्या पालथ्या घातल्या. ही गल्ली तर आम्ही पाच वेळा पाहिली. यांना सुट्टी रविवारची, म्हणून पाचही वेळा रविवारीच. "किती शांत, किती रुंद!" म्हणून हे हरखून गेले होते.

समोरची लोखंडाची गोदामं रविवारी बंद असतात. एरवी हे साडेआठला कामावर निसटतात आणि नऊला ट्रक येऊन दाराला खेटून उभा राहतो. दार बाहेर उघडणारं, ते चार बोटंही सरकत नाही. अंधार पडेपर्यंत मी आत. ड्रायव्हर भला आहे गं. खिडकीच्या गजांतून विचारतो, "ताई, काही आणून देऊ का?"

वरच्या शिंपीणबाईंना म्हटलं, आधी सांगायचं तरी! त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कुठे?" खरंच आहे. यांना परक्याला विचारायचा संकोच, आणि मला यांना टोकायचा.

विकून टाक म्हणू नकोस. गिऱ्हाईकही रविवारीच बोलवावं लागेल, आणि ते माझ्याच्याने व्हायचं नाही.

बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना? दोघं नक्की या. फक्त रविवारी या.

पत्र उशिरा पोचलं तर घाबरू नकोस. टपालपेटी दारासमोर दहा पावलांवर आहे, पण आज सोमवार आहे.

तुझी,
थोरली