पाण्याने थंड होणारं कॅबिनेट

३० मार्च, रविवार. पाडवा.
कॉम्प्युटर आज तिसऱ्यांदा बंद पडला. बायको, कादंबरी, नेरे गावातल्या एका फार्महाउसच्या इंटिरिअरचा थ्रीडी व्हिडिओ त्यावर काढत होती. त्र्याऐंशी टक्क्यांवर मशीन गप्प. तापतं.

तिने सात वर्षांनी इंटिरिअरचं काम पुन्हा हाती घेतलंय. स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच. मालक भावेशशेठ ठाकूर. त्यांना २५ एप्रिलला दाखवायचंय. ती म्हणाली, काळूरामच्या दुकानात नेऊ, साफ करून पंखा बदलून देईल.

पंखा! मी पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. बावीस वर्षं गावोगाव पाणी नेतोय. आणि माझ्याच घरातलं मशीन वाऱ्यावर सोडू?

संकल्प : कस्टम वॉटर कूलिंग. पंप, नळ्या, रेडिएटर, सगळं स्वतः जोडणार. दहा दिवसांत. कादंबरीने विचारलं, "आणि तोपर्यंत मी काय करू?" लोकांना दूरचं दिसत नाही.

२ एप्रिल, बुधवार.
अभ्यास सुरू. निष्कर्ष : सगळं केसवर अवलंबून आहे. जेवताना म्हटलं, योग्य केस निवडणं हीच खरी कसोटी. कादंबरी म्हणाली, "कसली केस? कोर्टात गेलास की काय?" काळूराम त्याला कॅबिनेट म्हणतो. सोसायटीतले लोक त्यालाच सीपीयू म्हणतात. कोणाकोणाला सुधारणार. कॅबिनेट तर कॅबिनेट.

४ एप्रिल, शुक्रवार.
एकूण एक्केचाळीस कॅबिनेट पाहिली. एक्केचाळीस नाकारली. निम्म्यांना तिन्ही बाजूंनी काच, आत रंगीत दिवे. वरात आहे की यंत्र? काहींना समोर जाळी, म्हणजे धुळीला आमंत्रण. एक बरं होतं, पण पांढरं. पांढरं घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं.

कादंबरीने हळूच विचारलं, दहा दिवसांतले किती झाले. पाच. निवडीला वेळ लागतो. तिने मशीनसमोर टेबलफॅन लावून व्हिडिओचा थोडा थोडा तुकडा काढायला सुरुवात केलीय. बघवत नाही.

५ एप्रिल, शनिवार.
रेडिएटर घेतला. कॅबिनेट अजून ठरलं नाही, पण मूळ रेडिएटरच, बाकी सगळं त्याच्याभोवती येतं. तीनशे साठ मिलिमीटर लांब, साठ जाड. वॉटर कूलिंगवाल्यांच्या ग्रुपवर बरेचजण तीस जाडीचा घेतात. बिचारे.

६ एप्रिल, रविवार.
प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट आणायला काळूरामकडे गेलो. उरण नाक्याजवळ त्याचं दुकान. माणूस मूळचा मिठागरवाल्यांच्या घरातला, कॉम्प्युटर वीस वर्षं दुरुस्त करतो, पण भाषा अजून तीच. मी रेडिएटरचं सांगितलं. म्हणाला, "साहेब, आदी जाडी मोजा. पंखा धरून मोजा. मंग कॅबिनेट घ्या. नायतर बसनार नाय."

मी हसलो. सौम्यपणे. आठशे मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिन्या टाकणाऱ्या माणसाला हा जाडी शिकवतो.

वर म्हणाला, "पन पानी कशाला घालताय त्यात? पंखा लावा ना." मी पेस्ट घेऊन निघालो.

९ एप्रिल, बुधवार.
कॅबिनेट ठरलं! काळंभोर, भारदस्त, एकही दिवा नाही. माहितीत स्पष्ट लिहिलंय : वरच्या बाजूला ३६० रेडिएटर बसतो. माझा ३६०. संपला विषय. काळूरामचा चेहरा पाहण्यासारखा होईल.

दहा दिवस आज संपले. पण पाडव्याचा संकल्प प्रतीकात्मक असतो.

१२ एप्रिल, शनिवार.
कॅबिनेट आलं. लिफ्टमधून दोघांनी आणलं. टेबलावर मावत नाही, म्हणून कादंबरीची चित्रं काढायची पाटी आणि कापडांचे नमुने पलंगाखाली सरकवले. तिला नंतर सांगितलं.

दुपारी उत्साहाच्या भरात जुनं मशीन पूर्ण सोडवलं. जुनं कॅबिनेट आणि त्यावरचा फुटकळ पंखा भंगारवाल्याला देऊन टाकला. परतीचे दोर कापले.

कादंबरी साइटवरून आली तर जमिनीवर सुटे भाग. दारातच उभी राहिली. म्हणाली, "माझा व्हिडिओ निम्मा झाला होता." मी हार्ड डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली दाखवली. व्हिडिओ सुरक्षित आहे, फक्त मशीन नाही. ती सुटे भाग ओलांडून आत गेली. पटलं असावं.

१३ एप्रिल, रविवार.
रेडिएटर बसत नाही.

वर जागा पंचावन्न मिलिमीटर. रेडिएटर साठ, पंखे पंचवीस, मिळून पंच्याऐंशी. खाली मदरबोर्ड आडवा येतो. कंपनीने लांबी ठळक लिहिली आणि जाडी तळटिपेत. ही सरळसरळ फसवणूक आहे. तळटीप मी वाचली नव्हती, कारण तळटिपा वाचणाऱ्यांची जात वेगळी.

कादंबरीने विचारलं, पातळ रेडिएटर मागवला तर? मी म्हटलं, माघार नाही. तिने कॅलेंडरवर २५ तारखेभोवती लाल पेनाने गोल केला. आधीच एक गोल होता. आता दोन आहेत.

१५ एप्रिल, मंगळवार.
तोडगा. रेडिएटर वर, छताच्या बाहेर बसवायचा. त्यासाठी छत कापायचं. ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकून कॅबिनेट घेऊन भगवानच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. तो खिडक्यांच्या ग्रिल करतो. उलटंसुलटं करून बघत त्याने विचारलं, "ह्यात काय कोंबड्या ठेवनार काय?" समजावण्यात अर्थ नव्हता. कापून दिलं. कडा थोडी वेडीवाकडी. हस्तकलेत असं चालतं.

पत्र्याचा कीस आत पडला, तो झटकला. बहुतेक सगळा.

१८ एप्रिल, शुक्रवार. गुड फ्रायडेची सुट्टी.
सकाळी ९ : नळ्या जोडल्या. वळणं अप्रतिम.
सकाळी ११ : डिस्टिल्ड वॉटर भरतोय. कादंबरी बादली घेऊन जाताना म्हणाली, "सोसायटीला पाणी एक तास, आणि ह्याला चोवीस तास." टोमणे मी नोंदवत नाही.

ग्रुपवरचे लोक म्हणतात, आधी नुसता पंप चालवा, खाली टिश्यू पेपर अंथरा, एक दिवस गळती बघा. मगच वीज द्या. खरं आहे. कंत्राटदाराने टेस्ट न करता लाइन पुरली तर मी स्वतः त्याचं काम थांबवतो. पण तिथे कंत्राटदार असतो. इथे मी आहे.

दुपारी १२.१० : वीज दिली.
दुपारी १२.१४ : दोन थेंब. फक्त दोन. ग्राफिक्स कार्डवर.
दुपारी १२.१५ : जळका वास.

संध्याकाळी ६ : कादंबरी स्वयंपाकघरात बसून होती. मी जाऊन म्हटलं, सांधा कंपनीचाच सैल होता. ती म्हणाली, "अपूर्व, सात दिवस राहिले." मग म्हणाली, "सात वर्षांनी मला कोणीतरी काम दिलं होतं." रडली नाही. रडली असती तर समजूत काढता आली असती. मी उठून सांधा घट्ट केला.

१९ एप्रिल, शनिवार.
उठलो तर कादंबरी घरात नाही. वर्तमानपत्र टेबलावर, आत हार्ड डिस्क नाही. फोन केला. काळूरामच्या दुकानात आहे. त्याने मागच्या बाजूला एक मशीन काढून दिलं, डिस्क लावून दिली, बसायला खुर्ची दिली.

मी गेलो. बघायला हवं होतं, तिथे कुठल्या दर्जाचं काम चाललंय. साधं पत्र्याचं कॅबिनेट, एका बाजूचं झाकण काढलेलं, शेजारी टेबलफॅन घूंघूं करत. पडद्यावर फार्महाउसचा ओटा फिरत होता. अठ्ठ्याण्णव टक्के. कादंबरीने मान वर केली नाही.

काळूरामने चहा मागवला. मला वाटलं आता बोलेल, जाडीचं. पण एवढंच म्हणाला, "वयनी लय भारी काम करतात, साहेब. आमाला म्हाईतच नवतं." मलाही फारसं माहीत नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

तात्पुरती सोय म्हणून परवानगी दिली. कोणी मागितली नव्हती, पण मनातल्या मनात दिली.

२५ एप्रिल, शुक्रवार.
आज ती नेऱ्याला गेली होती. रात्रीच्या जेवणाआधी तिच्या आईशी फोनवर बोलताना ऐकलं : भावेशशेठना सगळं पसंत. त्यांच्या बहिणीचा, निशाताईंचा, कर्नाळ्याच्या बाजूला बंगला होतोय, त्याचंही काम हिलाच दिलं. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, अभिनंदन. ती म्हणाली, "थँक्यू." मग आम्ही जेवलो. वांग्याचं भरीत चांगलं झालं होतं.

माझ्याकडून प्रगती : दुसरं ग्राफिक्स कार्ड मागवलं. पातळ रेडिएटरही. माघार नव्हे, फेरविचार.

४ मे, रविवार.
कादंबरीने काळूरामच्या दुकानाचा माळा भाड्याने घेतला. ऑफिस म्हणून. बोर्डही लावला. तिचं पूर्ण नाव, लग्नाआधीचं आडनाव मध्ये ठेवून. मी बघायला गेलो, जिना अरुंद आहे, एक सूचना केली. पलंगाखालचे नमुने ती पिशवीत भरून घेऊन गेली. टेबल आता पूर्ण माझं.

निष्कर्ष : माझ्या कामाला आता घाईची सबब उरली नाही. उत्तम.

१७ मे, शनिवार.
छताच्या भोकावर पत्रा लावला. पातळ रेडिएटर आत बसला, पहिल्याच प्रयत्नात. गळतीची टेस्ट पूर्ण चोवीस तास केली. टिश्यू पेपर कोरडा. तो जपून ठेवला.

१८ मे, रविवार. सकाळी १०.
मशीन सुरू. आवाज शून्य. तापमान चौतीस. चौतीस! बाहेर पनवेल भाजून निघतंय आणि हे चौतीस. ग्रुपवर फोटो टाकला. कोणीतरी लगेच विचारलं, "लोडवर किती जातं?" असले प्रश्न विचारणारे लोक असतातच.

सकाळी १०.३० : प्रश्न तसा रास्त आहे. जड काम दिल्याशिवाय खरं तापमान कळत नाही. कादंबरी टेप आणि कॅटलॉग घेऊन बाहेर पडत होती. म्हटलं, एखादा व्हिडिओ इथे काढून बघ ना. ती थांबली. वाकून आत बघितलं. नळ्यांवरून बोट फिरवलं. "खरंच सुंदर झालंय," म्हणाली. मनापासून म्हणाली, मला तिचा आवाज कळतो. मग चप्पल घालत म्हणाली, "पण माझं सगळं तिकडे आहे रे आता. तू लाव ना काहीतरी."

सकाळी ११.४० : काय लावावं सुचत नाही. ऑफिसचं काम ऑफिसच्या लॅपटॉपवर. बातम्या फोनवर. गेम मी खेळत नाही, खेळणाऱ्यांबद्दल माझं मत आहे.

दुपारी १२.२० : एक कोरं पान उघडलं. स्वतःचं नाव टाइप केलं. ठळक केलं. तापमान चौतीस.

दुपारी १ : चौतीस.